पॅसिफिक ओलांडण्याआधी: लांब पल्ल्याचा रेडिओ कसा निवडावा, परवाने कसे काढावेत

सॅन डिएगोहून निघालेल्या शिडाच्या बोटीला फ्रेंच पॉलिनेशियातली मार्केसस बेटं गाठायला साधारण २,८०० सागरी मैल कापावे लागतात. तीन-चार आठवडे चहूकडे फक्त पाणी. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असतोच, पण त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे वळत नाहीत. डोलकाठीच्या टोकाला अँटेना लावली तरी दोन बोटींमधलं बोलणं पंधरा-वीस मैलांच्या पुढे सहसा जात नाही. त्यापुढे आवाज न्यायचा तर एचएफ, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा हवा. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून, आयनोस्फिअरमधून, परत खाली वळतात आणि हजारो मैलांवर उतरतात. बोटवाले या संचाला नुसतं ‘एसएसबी’ म्हणतात.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि तिथे नोंदलेल्या बोटीतून लांबच्या सफरीची तयारी करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. बोट भारतीय पाण्यात आणणाऱ्यांसाठीही पुढे थोडं आहे. माझा आग्रह एकच: संच सगळ्यात शेवटी विकत घ्या. आधी कोणाशी बोलायचं ते ठरवा, मग त्याला लागणारे परवाने काढा, आणि त्या परवान्यांत बसेल तोच संच घ्या. उलट्या क्रमाने गेलं की हातात असा डबा येतो, ज्यावर कायद्याने हवं ते बोलता येत नाही किंवा ज्याच्याकडून हवी ती माणसं ऐकू येत नाहीत.

स्टारलिंक असताना रेडिओ कशाला?

प्रश्न रास्त आहे. उपग्रहावरून इंटरनेट मिळायला लागल्यापासून बऱ्याच बोटींनी एसएसबी काढून टाकला. हवामानाच्या फाइली आणि घरच्यांशी बोलणं यासाठी उपग्रह निर्विवाद सोपा आहे. पण फोनवर एका वेळी एकच माणूस ऐकतो. रेडिओवर तुम्ही ‘सुकाणू तुटलंय’ म्हणालात की त्या लहरीवर बसलेले सगळे ऐकतात: दीडशे मैल पुढे असलेली बोट, हवाईतला एखादा निवृत्त इंजिनिअर, न्यूझीलंडमधला हॅम, म्हणजे परवाना काढलेला हौशी रेडिओवाला. त्यातल्या कोणाला तरी तुमच्या जातीचं सुकाणू समुद्रात कसं बांधून घ्यायचं ते माहीत असतं. शिवाय इथे मासिक वर्गणी नाही, आणि कंपनीने सेवेच्या अटी बदलल्या म्हणून संच बंद पडत नाही.

तरीही पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बवर करा. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला कळवणारं हे उपकरण एसएसबीच्या आधी बोटीवर यायला हवं. अमेरिकेत त्याची नोंदणी नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेकडे मोफत होते आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते.

पहिली पायरी: कोणाशी बोलायचंय?

कागदावर तीन रकाने आखा.

पहिला, संकटात कोण ऐकणार. इथे बरेच जुने सल्ले आता कालबाह्य झाले आहेत. अमेरिकी कोस्ट गार्डने २१८२ किलोहर्ट्झवर ऐकणं ऑगस्ट २०१३ मध्येच थांबवलं. फेब्रुवारी २०२२ पासून मुख्य भूमी आणि हवाईमधून ४१२५, ६२१५, ८२९१ आणि १२२९० किलोहर्ट्झवरच्या आवाजी हाकांवरचा पहाराही उठवला. एचएफवरची डीएससी, म्हणजे बटण दाबून जाणारी डिजिटल संकट-सूचना, मात्र त्यांनी चालू ठेवली. तेव्हा सरकारी यंत्रणेपर्यंत एचएफवरून पोचायचं असेल तर डीएससी असलेला सागरी संच लागतो. हॅम संचात ते बटण नसतं.

दुसरा, रोजची सोबत. पॅसिफिकमध्ये फिरणाऱ्या बोटींचे ठरलेल्या वेळी भरणारे रेडिओ-मेळे असतात, त्यांना ‘नेट’ म्हणतात. १४.३०० मेगाहर्ट्झवर मेरिटाइम मोबाइल सर्व्हिस नेट दिवसाचा मोठा भाग चालतं. त्याच लहरीवर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३०० च्या सुमारास, म्हणजे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात रात्री ८ वाजता, पॅसिफिक सीफेअरर्स नेट भरतं. तिथे प्रत्येक बोटीचं ठिकाण आणि हवामान रोज टिपून घेतात. ही लहर हॅमची आहे, त्यामुळे हॅम परवाना हवा. याउलट, एकत्र निघालेल्या बोटी आपापसात बोलायला सागरी चॅनेल वापरतात: ४ए म्हणजे ४१४६, ८ए म्हणजे ८२९४, १२ए म्हणजे १२३५३ किलोहर्ट्झ. तिथे हॅम परवान्याची गरज नाही, सागरी परवान्याची आहे.

तिसरा, ईमेल आणि हवामान. विनलिंक ही हॅमांची सेवा मोफत आहे, पण तिच्यावरून धंद्याचे व्यवहार करता येत नाहीत आणि मजकूर सांकेतिक करता येत नाही. सेलमेल ही सभासदांची संस्था वार्षिक वर्गणी घेते, सागरी लहरींवर चालते आणि कामकाजाच्या ईमेलला मनाई करत नाही. प्रवासात असताना ऑफिसचं किंवा घरभाड्याचं काम सांभाळायचं असेल तर हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तीनही रकाने भरल्यावर बहुतेकांना कळतं की सागरी आणि हॅम, दोन्ही परवाने हवेत. मलाही तोच मार्ग योग्य वाटतो.

दुसरी पायरी: परवाने, आणि त्यांचा क्रम

अमेरिकेत हे सगळं एफसीसी या केंद्रीय दूरसंचार नियामक संस्थेकडे. आधी त्यांच्या कोअर्स या संकेतस्थळावर नोंदणी करून एफआरएन नावाचा क्रमांक घ्या. पुढचा प्रत्येक अर्ज या क्रमांकावर जातो.

बोटीचा परवाना म्हणजे शिप स्टेशन लायसन्स. देशातल्या देशात फक्त व्हीएचएफ वापरणाऱ्या हौशी बोटीला तो लागत नाही. एसएसबी बसवला किंवा परदेशी बंदरात जायचं ठरवलं की लागतो. अर्ज फॉर्म ६०५ चा, ऑनलाइन. त्यात ‘एसए’ ही सेवा निवडा, कारण ‘एसबी’ ही ज्यांच्यावर रेडिओची सक्ती आहे अशा जहाजांसाठी आहे. बोटीचा नोंदणी क्रमांक, लांबी, किनाऱ्यावरच्या संपर्काचं नाव आणि बोटीवरच्या उपकरणांची यादी विचारतात. यादीत आज असलेली आणि लवकरच येणारी दोन्ही लिहा: व्हीएचएफ, एसएसबी, डीएससी, रडार, एआयएस (आसपासच्या जहाजांना आपलं नाव-ठिकाण कळवणारं यंत्र), ईपर्ब. परवाना १० वर्षांचा असतो. तो बोटीसोबत विकला जात नाही. सेकंडहँड बोट घेतलीत तर आधीच्या मालकाने त्याचा परवाना रद्द करायचा आणि तुम्ही नवा काढायचा.

याच अर्जात एमएमएसआय मागा. हा नऊ आकडी क्रमांक म्हणजे बोटीचा फोन नंबर. इथे थोडं थांबा, कारण नंतर सुधारायला सगळ्यात किचकट गोष्ट हीच आहे. अनेक बोटींवर बोट-यूएससारख्या संस्थेकडून मोफत घेतलेला ३३८ ने सुरू होणारा क्रमांक आधीच भरलेला असतो. तो देशांतर्गत वापरापुरता आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नोंदवहीत जात नाही. ताहितीच्या बचाव केंद्राला तो दिसला तरी त्यावरून बोट कोणाची, माणसं किती, काही कळणार नाही. एफसीसीने परवान्यासोबत दिलेला क्रमांक त्या नोंदवहीत जातो. आणि बहुतेक डीएससी संचांत हा क्रमांक मालकाला एकदा-दोनदाच भरता येतो. त्यानंतर संच विक्रेत्याकडे किंवा कारखान्यात पाठवावा लागतो. त्यामुळे नवा संच आला तरी परवाना हातात पडेपर्यंत त्यात कोणताही क्रमांक भरू नका. परवाना आला की व्हीएचएफ, एआयएस आणि एसएसबी, तिन्हींत एकच क्रमांक घाला आणि नोआकडची ईपर्बची नोंदही त्याप्रमाणे सुधारा.

बोलणाऱ्या माणसाचा परवाना वेगळा. त्याचं नाव रिस्ट्रिक्टेड रेडिओटेलिफोन ऑपरेटर परमिट. परीक्षा नाही, एकदा काढला की जन्मभराचा. त्यासाठी नागरिकत्व नाही, तर अमेरिकेत नोकरी करण्याची कायदेशीर पात्रता पाहिली जाते, म्हणून ग्रीन कार्डवाल्यांनी नुसत्या शंकेने मागे राहू नये. नवरा-बायको दोघेही पहारे करणार असाल तर दोघांनीही काढा. रात्री दोन वाजता मायक्रोफोन कोणाच्या हातात असेल ते आधी सांगता येत नाही.

हॅम परवान्याला मात्र अभ्यास आहे. पहिली पातळी टेक्निशियन, दुसरी जनरल. टेक्निशियनला एचएफवर आवाजासाठी फक्त १० मीटर बँडचा एक तुकडा मिळतो, त्यामुळे १४.३०० वर बोलायला जनरल हवाच. प्रत्येक परीक्षेत ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. प्रश्नांचा सगळा साठा उत्तरांसकट जाहीर असतो आणि मोर्सची अट २००७ मध्येच गेली. दोन्ही परीक्षा एकाच बैठकीत देता येतात, घरून ऑनलाइनही. एफसीसीचं शुल्क ३५ डॉलर, परवाना १० वर्षांचा. परकीय सरकारचा प्रतिनिधी नसलेला कोणीही, नागरिक असो वा नसो, ही परीक्षा देऊ शकतो. पत्रव्यवहारासाठी अमेरिकेतला पत्ता लागतो. नुसती उत्तरं पाठ करून पास होता येतं, पण अँटेना आणि लहरींच्या प्रवासाचे धडे समजून घ्या. समुद्रावर तेच कामाला येतात.

एक बारकावा. खुल्या समुद्रात तुमचा अमेरिकी हॅम परवाना चालतो. दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरलात की त्या देशाची मुभा लागते. युरोपीय करारातल्या देशांत एक्स्ट्रा या जनरलच्या वरच्या पातळीला पूर्ण मुभा आहे, जनरलला मात्र नवशिक्यांचा परवाना मान्य करणाऱ्या देशांतच. फ्रेंच बेटांवर बराच काळ राहायचं असेल तर एक्स्ट्रासाठी अजून एक हिवाळा अभ्यासात घालवणं योग्य ठरेल.

तिसरी पायरी: संच

कायदा असा आहे. सागरी लहरींवर एफसीसीच्या भाग ८० खाली मान्यता मिळालेलाच संच वापरता येतो. हॅम संचाला ती मान्यता नसते. उलट बाजूने मोकळीक आहे: हॅम परवाना असेल तर मान्यताप्राप्त सागरी संच हॅम लहरींवर चालवता येतो. म्हणजे दोन्हीकडे बोलायचं असेल तर सागरी संच एकटा पुरतो, हॅम संच पुरत नाही. जीव धोक्यात असताना हाताला लागेल त्या साधनाने मदत मागायची मुभा आहे. रोजच्या वापरासाठी ती पळवाट नव्हे.

शिडाच्या बोटींवर आयकॉमचं राज्य आहे. एम८०२ हा १५० वॅटचा, डीएससी असलेला संच अनेक वर्षं सगळीकडे बसवला गेला; त्यानंतर एम८०३ आला. जुना एम७१० दणकट आहे, पण त्यात डीएससी नाही, म्हणून पहिल्या रकान्यात तो बसत नाही. सेकंडहँड एम८०२ घेताना मागची अँटेनाची दोन्ही तोंडं बघा: दुसरं तोंड डीएससी ऐकणाऱ्या वेगळ्या रिसीव्हरचं असतं आणि त्याला स्वतंत्र अँटेना लागते. कित्येक बोटींवर ते मोकळंच सापडतं. मग ती बोट सूचना पाठवू शकते, पण दुसऱ्याची ऐकत नाही. संचाला जीपीएसची तारही जोडलेली हवी, नाहीतर संकट-सूचनेत ठिकाण जाणार नाही.

ज्यांना फक्त हॅम नेट, विनलिंक आणि हवामान हवं आहे आणि संकटासाठी ईपर्ब व उपग्रह-फोन पुरेसा वाटतो, त्यांना आयकॉम ७३०० किंवा येसू एफटी-८९१ सारखा १०० वॅटचा हॅम संच कितीतरी स्वस्त पडतो. ७३०० चा रिसीव्हर अतिशय चांगला आहे. खाऱ्या हवेसाठी मात्र तो बनवलेला नाही, हे लक्षात ठेवून जागा निवडा.

ईमेलसाठी मोडेम लागतो. एससीएस कंपनीचे पॅक्टर मोडेम उत्तम, पण हजार डॉलरच्या वर जातात. हॅम लहरींवर पॅक्टर-४ वापरायला अमेरिकेत बरीच वर्षं अडसर होता; एफसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३०० बॉडची जुनी वेगमर्यादा काढून त्याजागी २.८ किलोहर्ट्झ रुंदीची अट आणली, तेव्हा तो दूर झाला. विनलिंकपुरतं बघायचं तर वारा एचएफ हे सॉफ्टवेअर साध्या साउंड कार्डवर चालतं. सुरुवात तिथूनच करा.

चौथी पायरी: अँटेना, ग्राउंड, वीज

चांगल्या संचाचा आवाज वाईट जोडणीने मरतो. पैशांइतकाच वेळ इथे द्या.

अँटेना म्हणून बहुतेक जण बॅकस्टेमध्ये, म्हणजे डोलकाठीला मागून ताणणाऱ्या तारेत, दोन इन्सुलेटर घालून मधला तुकडा वापरतात. त्याची लांबी अंदाजाने ठरवू नका. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते, आणि तेवढ्याच लांबीच्या तारेवर ट्यूनर, म्हणजे संच आणि अँटेना यांचा मेळ घालणारा डबा, अडखळतो. १४.३ साठी हे उत्तर बरोबर १० मीटर येतं, म्हणजे सुबक वाटणारी दहा मीटरची तार १४.३०० च्या नेटसाठी सगळ्यात वाईट. ८.७ मीटर १६ मेगाहर्ट्झच्या सागरी पट्ट्याला आणि ११.६ मीटर १२ च्या पट्ट्याला मारते. सात मीटरच्या किंवा साडेतेरा मीटरच्या आसपास राहिलात तर हे सगळे पट्टे सुटतात. मोजताना ट्यूनरपासून बॅकस्टेपर्यंतची तारही धरा, कारण तीही अँटेनाच आहे. खालचा इन्सुलेटर हात पोचणार नाही इतका वर घ्या. प्रसारण चालू असताना त्या तारेला हात लागला तर भाजतं. रिगिंग कापायचं नसेल तर दोरीत गुंफलेली तार टोपिंग लिफ्टसारखी डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवूनही छान काम होतं.

ट्यूनर अँटेनाच्या पायाशी, संचाजवळ नव्हे. ट्यूनरपासून पाण्यापर्यंत रुंद तांब्याची पट्टी न्या, साधारण ७५ मिलिमीटर रुंद, आणि ती जवळच्या ब्राँझच्या थ्रू-हलला, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात उघडणाऱ्या जोडाला, जोडा. गोल तार इथे तितकी चालत नाही. फायबरग्लासच्या बोटीत समुद्रच तुमची अँटेनाची दुसरी बाजू आहे. पट्टी ओढणं अशक्य असेल तर बाजारात मिळणारी अनेक तारांची तयार जुडी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पसरा, तेही बऱ्यापैकी चालतं.

दीडशे वॅटचा संच बोलताना ३० अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरीपासून थेट, जाड, स्वतंत्र तार आणि फ्यूज द्या. मग संचाच्या मागे मीटर लावून मायक्रोफोनमध्ये लांब ‘आऽऽ’ म्हणा. व्होल्टेज ११.६ च्या खाली गेलं तर आवाज थरथरतो, पलीकडच्याला शब्द कळत नाहीत, आणि तुम्ही मात्र अँटेनाला दोष देत बसता.

शेवटी गोंगाट. संच ऐकत ठेवा आणि बोटीवरची एकेक गोष्ट बंद करत जा: सोलरचा कंट्रोलर, इन्व्हर्टर, फ्रिज, एलईडी दिवे. ज्याच्या बंद होण्याने खरखर थांबते त्याच्या तारांवर ३१ मिश्रणाचे फेराइट, म्हणजे रेडिओचा गोंगाट अडवणारी कडी, बसवा. बोलायला लागताच ऑटोपायलट भलतीकडे वळत असेल तर त्याच्या तारांनाही हाच उपाय. हे बंदरात तपासा. पुढे शिडं लागलेली असताना बोट अचानक वळली तर बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यावर येतो.

भारतीय पाण्यात येणार असाल तर

इरिडियम आणि थुराया उपग्रह-फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि छोट्या उपग्रह-संदेश उपकरणांवरूनही परदेशी प्रवाशांना गोव्यात त्रास झालेला आहे. मुंबई, गोवा किंवा कोचीला बोट आणणाऱ्याने बोटीवर काय आहे ते एजंटमार्फत आधीच कळवावं आणि लेखी परवानगीशिवाय ते वापरू नये. अशा वेळी शिप स्टेशन परवान्यावर असलेला एसएसबी हा सरळ, कागदावर स्वच्छ असलेला मार्ग ठरतो. बंदरात उभं असताना मात्र एचएफवर प्रसारण करू नका, आणि भारतीय हद्दीत हॅम लहरी वापरायला भारताची स्वतंत्र परवानगी घ्या.

बोट भारतीय ध्वजाची असेल तर स्टेशनचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून येतो आणि एमएमएसआय ४१९ ने सुरू होतो. हॅमसाठी रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन पातळ्या आहेत, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतात, किमान वय १२.

पाचवी पायरी: निघण्याआधीचा सराव

प्रसारण करायच्या आधी काही आठवडे फक्त ऐका. ऐकायला परवाना लागत नाही, त्यामुळे एसएसबी ऐकू शकणारा छोटा रिसीव्हर आजच घेता येईल. कोलोरॅडोची डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाईची डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच ही वेळ सांगणारी केंद्रं ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर असतात. सकाळी, दुपारी आणि रात्री कुठली ऐकू येते ते वहीत लिहा. सूर्य वर असताना वरच्या लहरी, मावळला की खालच्या, हा नियम आठवड्याभरात अंगवळणी पडतो. पॉइंट रेयेसहून निघणारे हवामानाचे नकाशे ४३४६, ८६८२, १२७८६ आणि १७१५१.२ किलोहर्ट्झवर येतात, संच १.९ किलोहर्ट्झ खाली लावा, नाहीतर चित्र उमटत नाही. फोनवरचं ॲप माइकमधून तो आवाज ऐकून नकाशा काढतं.

मग बंदराबाहेर नांगर टाकून नेटमध्ये हजेरी लावा. एकदा नव्हे, रोज, वेगवेगळ्या वेळी. तुमच्यापासून तीनशे मैलांवरच्या बोटीला तुम्ही १४ मेगाहर्ट्झवर ऐकू जात नाही आणि दोन हजार मैलांवरच्याला स्वच्छ ऐकू जाता, हे तेव्हाच कळतं. जवळच्याला ४ किंवा ८ वर गाठायचं असतं. डीएससीचा टेस्ट कॉलही सोबतच्या बोटीला करून बघा. लाल बटणाचं झाकण मात्र सरावासाठी उघडू नका.

संचाशेजारी एक जाड कार्ड लावा, मोठ्या अक्षरांत, बोटीवरच्या सगळ्यात नवख्या माणसाला वाचता येईल असं. त्यावर: संच कसा चालू करायचा, लाल बटण किती वेळ दाबून धरायचं, उत्तर आलं की त्याच पट्ट्यातल्या आवाजी लहरीवर जायचं, म्हणजे ८४१४.५ वर सूचना गेली तर ८२९१ वर. तीनदा ‘मेडे’, तीनदा बोटीचं नाव, कॉल साइन, एमएमएसआय. जीपीएस कुठे बघायचं. काय झालंय, माणसं किती, कोणती मदत हवी. खाली रोजच्या नेटची वेळ यूटीसीमध्ये आणि लहर. हे कार्ड हातात देऊन, बटण न दाबता, बोटीवरच्या प्रत्येकाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.